डब्ल्यूडी-४० स्प्रे की शिलाई मशीनचं तेल?
ताई विचारत होतीस ना, दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतायत तर डब्ल्यूडी-४० घेऊ की मशीनचं तेल पुरेल. तेल कितीतरी स्वस्त, आणि बिजागरीत टिकतंही जास्त, कारण स्प्रेमधला बराचसा भाग सॉल्व्हंट असतो, तो उडून जातो आणि मागे पातळ थर राहतो. पण गंजून बसलेला नट असेल तर तेल हात टेकतं, तिथे स्प्रे मारायचा, १०-१५ मिनिटं मुरू द्यायचा, मग पाना लावायचा. आणि खरी कमाल म्हणजे लोखंडी कपाटावरच्या स्टिकरचा चिकट गम, फडक्याने पुसला की साफ! जेवणाच्या भांड्यांना मात्र नको, गॅसजवळ तर अजिबातच नको, पेट घेतो. नुसती कुरकुर असेल तर तेल, गंज किंवा गम असेल तर स्प्रे.