नायट्रो कारचा ट्यून्ड पाइप, आठ महिन्यांनंतर: सगळा घोळ एका निप्पलचा

फेब्रुवारीत माझ्या 1/10 नायट्रो टूरिंग कारचा (खऱ्या गाडीच्या दहाव्या मापाची, नायट्रोमिथेन मिसळलेल्या फ्युएलवर धावणारी रिमोटची कार) मूळचा डबा सायलेन्सर काढला आणि पॉलिश केलेला ट्यून्ड पाइप लावला. पाइप, मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर आणणारी नळी) आणि ती पाइपला जोडणारा सिलिकॉन कपलर मिळून 4,200 रुपये गेले. इंजिन .12 चं (म्हणजे 0.12 घन इंच, साधारण 2 सीसी), टाकी 75 सीसीची. आठ महिने झाले, साडेतीन लिटर फ्युएल जाळून झालं. लिहायचं कारण एवढंच की मधले तीन महिने मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो, आणि त्यात माझ्या इंजिनाचं नुकसान झालं ते झालंच.

पहिल्या दिवशीचा अनुभव आधी सांगतो, कारण तो खरा आहे. एमआयडीसीत एका बंद शेडसमोर लांबलचक काँक्रीट आहे, रविवारी सकाळी तिथे चालवतो. डब्यावर गाडी एकसारखी वेग घ्यायची. ट्यून्ड पाइपवर अर्ध्या थ्रॉटलपर्यंत तशीच, आणि मग अचानक आवाज फाटल्यासारखा मोकळा व्हायचा नि गाडी निसटायची. ज्यांनी आरएक्स 100 चालवलीय त्यांना हा क्षण माहीत आहे. आमच्या काकांकडे होती. ते म्हणायचे, ‘आता धरलं बघ तिनं.’ अगदी तेच.

हे का होतं, ते थोडक्यात. अशा छोट्या टू-स्ट्रोकला एक्झॉस्टचा व्हॉल्व नसतो, पोर्ट उघडलं की जळका धूर बाहेर आणि त्याच्या मागोमाग थोडं ताजं मिश्रणही बाहेर. पाइपचा पुढचा भाग रुंद होत जातो, तिथून उलटी ओढ तयार होते आणि सिलेंडर साफ होतो. पुढे पाइप निमुळता होतो, तिथे आपटून दाबाची लाट परत येते आणि निसटलेलं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात रेसिंग मोटरसायकलींसाठी हे बसवलं. त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये पश्चिमेकडे पळून गेला, ही विद्या सुझुकीकडे पोचली आणि 1962 मध्ये सुझुकीने 50 सीसीचं जगज्जेतेपद घेतलं. आपल्या हातातल्या वीतभर पाइपमध्ये तेच चाललेलं असतं.

आता हिशेब बघा. 30,000 आरपीएमला एक फेरा 2 मिलिसेकंदांत होतो. पोर्ट उघडं असतं फेऱ्याच्या अर्ध्याहूनही कमी, म्हणजे जेमतेम 0.9 मिलिसेकंद. गरम धुरात लाट सेकंदाला साधारण 500 मीटरच्या आसपास धावते. तेवढ्या वेळात जाऊन-येऊन 45-50 सेंटिमीटर, म्हणजे एका बाजूने 22-25. म्हणून पिस्टनपासून उलट्या कोनापर्यंतचं (पाइप निमुळता होतो त्या भागापर्यंतचं) अंतर एवढंच का असतं ते कळतं, आणि 5 मिलिमीटरनी काय फरक पडतो तेही. लांबी कमी केली की जोर वरच्या आरपीएमला सरकतो, वाढवली की खालून उचल मिळते.

हे वाचून ठेवलं होतं म्हणूनच मी फसलो. तिसऱ्या महिन्यात गाडी बिघडायला लागली. सरळ रस्त्यावर शेवटी शेवटी आवाज पातळ व्हायचा, इंजिनाच्या हेडचं तापमान 140 अंश सेल्सिअसच्या वर. माझं इंजिन 105-115 वर खूश असतं. (टेम्परेचर गन नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका. तीन-चार सेकंद चर्रचर्र करत आटला तर ठीक, टाकताक्षणी उडाला तर इंजिन तापलंय.) मेन नीडल (वरच्या आरपीएमला किती फ्युएल जावं ते ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) उघडली तर वरचं जरा बरं, पण आयडलला भसाभस धूर आणि बंद. लो नीडल (खालच्या आरपीएमचा स्क्रू) आवळली की आयडल चढत जायचं आणि उतरायचंच नाही. चार ग्लो प्लग (मिश्रण पेटवणारे तापत्या तारेचे प्लग) गेले, प्रत्येकी साडेचारशे. फ्युएल बदललं, 16 टक्क्यांवरून 20 टक्के नायट्रो केलं, उलट वाईट झालं. कार्ब्युरेटर तीनदा उघडून धुतला.

मग ठरवलं की पाइपची लांबीच चुकलीय. मॅनिफोल्डच्या टोकाचे 4 मिलिमीटर करवतीने कापले. ही चूक होती. वरचा आरपीएम किंचित वाढला, वळणातून बाहेर पडताना गाडी मात्र मेलेली. त्या आठवड्यात मी जुना डबा परत लावला आणि अरुंद जागेत डबाच बरा असं मत करून बसलो.

गंमत अशी की डब्यावर तापमान लगेच 110 ला आलं. नीडल तीच, प्लग तोच, फ्युएल तेच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोष इंजिनात नव्हताच.

पाइप घरी आणून पुसला आणि ट्यूबलाइटखाली धरला. टाकीकडे नळी जाते त्या प्रेशर निप्पलच्या बुडाशी एका बाजूला काळपट तेलाचा बारीक ओघळ होता, नखाएवढा. दर वेळी पाइप पुसताना मी तो पुसून टाकत होतो! दोन्ही तोंडं बुचांनी बंद केली, पाइप बादलीत बुडवला आणि नळीतून फुंकलं. निप्पलच्या बुडातून बुडबुड्यांची माळच निघाली.

टाकीतलं फ्युएल कार्ब्युरेटरकडे ढकललं जातं ते याच नळीतून येणाऱ्या धुराच्या दाबाने. तिथे गळती असली की आरपीएम वाढेल तसा टाकीला पुरेसा दाब मिळत नाही, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, फ्युएल कमी) आणि इंजिन तापतं. नीडल उघडून तुम्ही ते झाकता, मग खालच्या आरपीएमला तेच मिश्रण जाड पडतं.

निप्पल सोडवल्यावर मला खरा राग आला. पाइपचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, आणि आटे थेट त्या पत्र्यातच पाडलेले. दीड आटा धरतो, बस. थरथर आणि उष्णतेने तो ढिला होणारच. बाहेरून आरशासारखं पॉलिश करायला वेळ होता, पण आटे धरायला एक बुशी (जाड कडं) वेल्ड करायला नव्हता. दुकानदाराकडे घेऊन गेलो, बादलीतला व्हिडिओ दाखवला. ‘नायट्रोच्या पार्टला वॉरंटी नसते साहेब, तुम्ही जास्त आवळला असेल’ एवढंच उत्तर. दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा उचलला नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण तिथे परत जाणार नाही.

शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरला आर्गन वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाइप वास घेऊन बघितला. ‘तेल मुरलंय भावा, असं वेल्डिंग धरणार न्हाई. आधी धुऊन आण.’ दोन दिवस थिनरमध्ये ठेवून, उन्हात वाळवून परत नेला. त्यांनी लेथवर पाच मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची बुशी काढली, पत्र्यावर आर्गनने बसवली, आटे पाडले. मग मागचं तोंड बघत म्हणाले, ‘ह्येचं भोक लई बारीक हाय. मोठं करून देऊ? आरएक्सला आम्ही करतोय.’ मी हातच धरला त्यांचा. त्या बारीक भोकामुळेच पाइपात दाब टिकतो आणि टाकीपर्यंत पोचतो. कापलेले 4 मिलिमीटर भरायला मॅनिफोल्डच्याच आतल्या मापाची एक रिंगही करून घेतली, कपलरच्या आत बसते. रिंग नसती तर फटीतल्या गरम धुराने कपलर जाळून टाकला असता. सगळ्याचे मिळून 250 रुपये घेतले.

त्यानंतर पाच आठवडे झाले. तापमान 108 ते 112. नीडल कंपनीच्या सेटिंगपासून पाव फेराही हललेली नाही. खालची उचल परत आली, आणि मधला तो धरण्याचा क्षणसुद्धा. म्हणून डब्याबद्दलचं मत मागे घेतो. जागा मोकळी असेल तर ट्यून्ड पाइपला तोड नाही. फक्त घ्यायच्या आधी निप्पलच्या बुडाशी जाड बुशी आहे का ते बोट फिरवून बघा. सपाट पत्रा लागला तर तिथल्या तिथे परत ठेवा, पॉलिश कितीही चमकत असो. आणि घेतलाच असेल तर दर टाकीनंतर निप्पलभोवती पांढरा टिश्यू फिरवा.

तीन महिने पातळ मिश्रणावर धावलेल्या माझ्या इंजिनाची पिंच (पिस्टन वर पोचताना स्लीव्हमध्ये बसणारी घट्ट पकड) मात्र गेलीय. थंड असताना फ्लायव्हील फिरवलं तरी वर अडकल्यासारखं होत नाही, आणि गरम झाल्यावर ब्रेक लावून थांबवली की बंद पडते. पिस्टन-स्लीव्हचा नवा सेट मागवलाय, 5,500 रुपये.