पॅराशूट करायचं: रुमालाचं की प्लास्टिकचं?

चार दोरे आणि खाली वजन, एवढं दोन्हींत सारखंच. फरक पडतो तो छत्रीने.

रुमालाच्या कोपऱ्याला थेट गाठ बसते आणि ती सुटत नाही. घडी घालून, त्यावर दोरे सैलसर गुंडाळून वर भिरकावला की मस्त उघडतो. नुसतं खेळायचं असेल तर रुमालाला तोड नाही.

पण प्रयोग म्हटला की तो रडवतो. मधोमध चिमटीत धरून, हात उंच करून सोडा: सुती रुमाल पुरता फुगेपर्यंत जमीन आलेली असते. मग मुलं तो वर फेकायला लागतात. प्रत्येक फेकीची उंची वेगळी, तेव्हा कोणाचं पॅराशूट सावकाश उतरलं हे ठरवायचं कसं? माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

कचऱ्याच्या डब्याला लावतात त्या पातळ पिशवीतून ३० सेंटीमीटरचा चौकोन कापला तर तो जेमतेम दोन-तीन ग्रॅम भरतो आणि हातातून सुटताच हवा धरतो. दुसरा फायदा वजनाचा. छत्री तीच ठेवून एकूण वजन चौपट केलं की उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. आधी एक जाड वॉशर, मग चार लावले की मुलांना हे घड्याळावर बऱ्यापैकी दिसतं. रुमालात त्याचं स्वतःचं वजनही बेरजेत येतं आणि फरक पुसट होतो.

प्लास्टिकची खोड म्हणजे कोपरा फाटतो. भोक पाडून दोरा ओवला तर पहिल्याच झटक्यात; नुसती चिकटपट्टी लावली तर ती थोड्या वेळाने सुटते. त्यापेक्षा कोपऱ्यात वाटाण्याएवढा कागदी बोळा ठेवा, प्लास्टिक त्याभोवती गोळा करा आणि बोळ्याच्या खाली दोरा आवळून बांधा. दोरे चार कापू नका. ८० सेंटीमीटरचे दोनच घ्या, टोकं कोपऱ्यांना बांधा आणि दोन्हींचे मध्य एकत्र धरून तिथे वजन अडकवा. लांबी आपोआप सारखी येते. एक दोरा आखूड राहिला की छत्री कलते आणि पॅराशूट एका बाजूला पळतं.

खाली येताना झोके खात असेल तर मधोमध दोन सेंटीमीटरचं भोक पाडा. अडकलेली हवा एरवी कधी या कडेने, कधी त्या कडेने निसटते. भोकामुळे तिला सरळ वाट मिळते. (चांगल्या रुमालाला भोक पाडायला घरातलं कोण तयार होईल?) कोरड्या हवेत प्लास्टिकचे पदर एकमेकांना चिकटतात, तेव्हा ओलसर हात फिरवला की पुरतं.

अगदी लहान, तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हाती मात्र रुमालच द्यावा. पातळ प्लास्टिक नाकातोंडावर बसलं तर श्वास कोंडतो, म्हणून मोठ्या मुलांनाही अख्खी पिशवी न देता कापलेला चौकोनच द्या.