डेबियन 12 वर वायफायचा ड्रायव्हर स्वतः कंपाइल करून 8 महिने झाले, माझा अनुभव

नवीन लॅपटॉपवर डेबियन 12 (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं आणि वायफायच दिसेना. एलएसपीसीआय (आतलं हार्डवेअर दाखवणारी कमांड) मारून बघितलं तर वायफाय कार्ड आरटीएल 8852बीई निघालं. कार्डाचा काही दोष नाही, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, 6.2 पासून आला आणि डेबियन 12 चा कर्नल 6.1, एवढ्याशाने हुकलं.

कंपाइल, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारी फाइल बनवणं, म्हटलं की लोक घाबरतात, पण अख्खा कर्नल बांधायची गरज नाही, फक्त तेवढं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा ड्रायव्हरचा तुकडा. बिल्ड-इसेन्शियल (कंपाइलची साधनं) आणि आपल्या कर्नलचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या त्याच्या फाइली) लागतात. लॅपटॉपला लॅन पोर्ट नाही म्हणून मोबाईल यूएसबीने जोडून नेट घेतलं. सोर्स लॅरी फिंगर यांनी जुन्या कर्नलसाठी सांभाळलेला घेतला. जून 2024 मध्ये ते गेले, पण माझ्यासारख्या किती जणांचं वायफाय त्या माणसाच्या कष्टावर चालतंय, मनापासून आभार. मेक ही कमांड दिली की सीसी एम, सीसी एम अशा ओळी सरकत जातात आणि शेवटी .केओ फाइली, म्हणजे मॉड्यूल, तयार होतात, पहिल्यांदा बघताना फार भारी वाटलं.

पण मॉड्यूल लोड करायला गेलो तर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. हे सिक्योर बूटमुळे, ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल ते चालू देत नाही. लोक सरळ बायोसमध्ये जाऊन ते बंद करतात, मी नाही केलं आणि तुम्हीही करू नका. डीकेएमएस (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणारं साधन) सही करायला स्वतःची की बनवतं, ती मोकयुटिल या कमांडने इम्पोर्ट करायची, एक पासवर्ड द्यायचा आणि रीस्टार्ट. मग निळी स्क्रीन येते, तिथे 10 सेकंदांत कुठलंही बटण दाबावं लागतं नाहीतर ती निघून जाते आणि सगळं परत. एनरोल मोक (की नोंदवण्याचा पर्याय) निवडून तोच पासवर्ड टाकला आणि वायफाय लागलं.

दुसऱ्या महिन्यात मात्र चांगलाच अडकलो. अपडेट केलं, 6.1.0 च्या पुढचा आकडा बदलला आणि वायफाय गायब, तेही कामाची मीटिंग अर्ध्या तासावर असताना. ग्रबमधून (सुरू होताना कर्नल निवडायचा मेन्यू) जुन्या कर्नलवर बूट करून वेळ निभावली. संध्याकाळी कळलं की मी हेडर फक्त त्या वेळच्या कर्नलचे टाकले होते, त्यामुळे नव्या कर्नलबरोबर नवे हेडर आलेच नाहीत आणि डीकेएमएसला मॉड्यूल बांधायला काही मिळालंच नाही. लिनक्स-हेडर्स-एएमडी64 हे पॅकेज टाका, मग प्रत्येक कर्नलसोबत त्याचे हेडर आपोआप येतात. ते टाकल्यापासून अपडेट येतात, मॉड्यूल आपोआप बांधलं जातं, सही होते, मला बघावंही लागत नाही. तरी जुना कर्नल मी लगेच उडवत नाही.

स्पीडची तक्रार नाही, लॅपटॉप स्लीपमधून उठल्यावर नेट दोन-तीन सेकंदांत परत जोडलं जातं. डेबियन 13 चा कर्नल 6.12 आहे, त्यात हा ड्रायव्हर आतच आहे, तर नवीन घेणाऱ्यांनी सरळ तेच टाकावं. माझं हातातलं काम संपलं की मीही जाणार आहे, तोवर हे मस्त चालू आहे.