जुन्या गेम-क्लायंटसाठी नवी कॅरेक्टर मॉडेल्स विकत घेताना माझे १७१.९७ डॉलर कसे गेले

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या ३.३.५ए या जुन्या क्लायंटमध्ये (म्हणजे संगणकावर बसवलेल्या गेमच्या प्रोग्राममध्ये) नवी कॅरेक्टर मॉडेल्स, म्हणजे पात्रांची त्रिमितीय रूपे, बसवून देतो असे सांगून एका माणसाने माझ्याकडून तीन वेळा मिळून ५२ डॉलर घेतले, आणि त्याने दिलेला इन्स्टॉलर मी स्वतःच्या हाताने चालवल्यामुळे माझ्या कार्डावरून आणखी ११९.९७ डॉलर गेले. एकूण १७१.९७ डॉलर. पहिले दोन आठवडे कोणी विचारले की मी "थोडेफार गेले" एवढेच सांगत होतो, कारण आकडा उच्चारायची लाज वाटत होती. आता तो पूर्ण लिहितो आहे, कारण हाच माणूस दुसऱ्या नावाने अजूनही गिऱ्हाईक शोधतो आहे आणि त्याची बोलण्याची पद्धत व त्याच्या अटी तशाच आहेत.

मी या कामात नवखा नाही, हे आधी स्पष्ट करतो. जुन्या क्लायंटच्या डेटा फोल्डरमध्ये एमपीक्यू फाइल (मॉडेल्स, चित्रे वगैरे साठवणारी पेटी) टाकून मॉडेल्स बदलण्याचे काम मी अनेकदा केलेले आहे. ज्यांनी ते केले आहे त्यांना माहीत असेल की मूळ क्लायंटमध्ये पॅच, पॅच-२ आणि पॅच-३ अशा फाइल्स असतात आणि आपण त्यापुढचा आकडा किंवा एखादे अक्षर दिलेली फाइल ठेवली की क्लायंट ती नंतर वाचतो, त्यामुळे आपले मॉडेल जुन्यावर चढते. नवी मॉडेल्स कंपनीच्या अधिकृत गेममध्ये ऑक्टोबर २०१४ मध्ये ६.०.२ पॅचबरोबर (सुधारित आवृत्तीबरोबर) आली आणि ब्लड एल्फ या वंशाची त्यानंतर, फेब्रुवारी २०१५ मध्ये ६.१ बरोबर. त्यांच्या एम-टू फाइलचे (मॉडेल साठवणाऱ्या फाइलचे) स्वरूप जुन्या क्लायंटला वाचता येत नाही, म्हणून ती रूपांतरित करावी लागतात, आणि सोबत चेहरा, केस व त्वचेच्या टेक्स्चरची (मॉडेलवर चढवलेल्या चित्रांची) नोंद ठेवणारी डीबीसी कोष्टके बदलावी लागतात. हे सगळे करून लोकांनी बनवलेले पॅक फुकट मिळतात. माझ्याकडेही तसा एक होता.

पण त्या फुकट पॅकमध्ये उणिवा होत्या, आणि माझी चूक तिथूनच सुरू झाली. हेल्मेट घातले की केस त्यातून बाहेर डोकावत. काही एनपीसींचे (गेमच चालवते त्या पात्रांचे) चेहरे पांढरे फटक दिसत, कारण त्यांच्यासाठी आधीच एकत्र करून ठेवलेली टेक्स्चर जुन्या मॉडेलच्या मापाची असतात आणि नव्यावर बसत नाहीत. गर्दीच्या शहरात क्लायंट बंद पडे, कारण तो ३२ बिटांचा आहे आणि त्याला मुळात २ जीबी मेमरीच वापरता येते. मी कित्येक संध्याकाळी या गोष्टी दुरुस्त करण्यात घालवल्या होत्या. एक हेल्मेट नीट केले की दुसरे बिघडत होते. अशा वेळी कोणी "हे सगळे मी पूर्ण केले आहे" असे म्हटले तर माणूस ऐकून घेतो. मी हावरटपणा केला नाही; ज्या कामात मी स्वतः अडकलो होतो त्याचे रास्त मोल द्यायला मी तयार झालो होतो.

आणि तो माणूस अडाणी नव्हता. हेल्मेटखाली कोणते केस लपवायचे हे कोणत्या कोष्टकावरून ठरते, ते त्याने न अडखळता सांगितले. माझ्याकडे कोणत्या भाषेचा क्लायंट आहे हेही त्याने विचारले, कारण त्या भाषेच्या उपफोल्डरमधील फाइलही बदलावी लागते असे तो म्हणाला. हे ऐकून माझी खात्री पटली. ज्याला कामाची भाषा येते त्याने काम केलेच असेल, हा निष्कर्ष मी का काढला याचे उत्तर आज मला देता येत नाही. गप्पांच्या सेवेवरील त्याच्या गटात सात-आठ जणांनी त्याची भरभरून स्तुती केलेली होती. त्या सगळ्यांची खाती एकाच आठवड्यात उघडलेली होती, हे मी नंतर पाहिले. तुम्ही ते आधी पाहा.

आता त्या क्षणाविषयी, ज्याची आठवण मला अजूनही झोपू देत नाही. त्याने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक ऑर्क, म्हणजे गेममधील एका वंशाचे पात्र, न्हाव्याच्या खुर्चीत (जिथे पात्राचे रूप बदलता येते) बसतो, उठतो, आणि उठल्यावर त्याची पाठ सरळ झालेली असते. खुर्चीत बसण्यापूर्वी तो वाकलेला होता. ज्याने ही गेम वर्षानुवर्षे खेळली आहे त्याला यातली विसंगती तत्काळ दिसायला हवी. पाठ सरळ ठेवणाऱ्या ऑर्कचा पर्याय २०१८ मध्ये ८.० पॅचबरोबर आला. हा माणूस मात्र आपण २०१४ चीच मॉडेल्स जुन्या क्लायंटवर आणली आहेत असे सांगत होता. तेही बाजूला ठेवू, कारण कोणी नंतरचे मॉडेल उचलूनही बसवू शकेल. खरा मुद्दा वेगळा आहे. ३.३.५ए मध्ये खेळाडूचे रूप पाच गोष्टींनी ठरते: त्वचा, चेहरा, केसांची ठेवण, केसांचा रंग आणि दाढी-मिशीसारखे चेहऱ्यावरील वैशिष्ट्य. सर्व्हर एवढेच जपून ठेवतो आणि इतरांच्या क्लायंटला एवढेच कळवतो. पाठीच्या ठेवणीसाठी सहावी जागा तिथे नाही. न्हाव्याच्या खुर्चीत ती बदलता येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तो व्हिडिओ नव्या गेमचा होता आणि पडद्यावरची बटणे त्याने लपवलेली होती.

मला हे दिसले नाही असेही नाही. मी त्याला विचारले की पाठ सरळ कशी झाली. तो म्हणाला, "हाडांच्या वेगळ्या फाइलने केले आहे, तुम्हाला पॅकमध्ये मिळेल." मी "छान" असे उत्तर दिले. माझ्या स्वतःच्या हाताने लिहिलेला तो शब्द अजून माझ्याकडच्या संभाषणाच्या चित्रात दिसतो. प्रश्न योग्य होता, उत्तर अर्थहीन होते, आणि मला ते अर्थहीन असल्याचे समजण्याइतके ज्ञान होते. तरीही मी पुढे गेलो, कारण मला तो पॅक हवा होता.

शनिवारी रात्री मी १५ डॉलर आगाऊ पाठवले. त्याने ते मित्राला पाठवण्याच्या प्रकाराने पाठवायला सांगितले, "नाहीतर माझे शुल्क कापले जाते" असे कारण देऊन. या प्रकारात खरेदीदाराला कसलेही संरक्षण नसते. कोणीही विक्रेता हे मागू लागला की व्यवहार तिथेच थांबवा. त्यानंतर ३.८ जीबीची एक फाइल आली, पण ती उघडण्यासाठी पासवर्ड हवा होता आणि तो उरलेले २५ डॉलर मिळाल्यावर मिळणार होता. मी तेही पाठवले.

आत एमपीक्यू फाइल नव्हती, इन्स्टॉलर होता. अँटिव्हायरस बंद करा, कारण बदललेली ईएक्सई फाइल (गेम चालवणारी मुख्य फाइल) पाहून तो खोटा इशारा देतो, अशी सूचना सोबत होती. ही सूचना ऐकायला ओळखीची वाटते, आणि तेच तिचे बळ आहे. या क्लायंटची ईएक्सई फाइल लोक खरोखरच बदलतात: इंटरफेसच्या फाइल्सवरील डिजिटल सहीची तपासणी काढण्यासाठी, किंवा २ जीबीची मर्यादा उठवण्यासाठी. पण मॉडेल्स, टेक्स्चर आणि कोष्टके बदलायला तिची गरज नसते. एमपीक्यू ही माहितीची पेटी आहे. ती एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली की काम झाले. तिला इन्स्टॉलर कशाला हवा? तिला प्रशासकाचे अधिकार कशाला हवेत? मी ही कृती हाताने वीस वेळा केली असेल, आणि एकविसाव्या वेळी एका अनोळखी प्रोग्रामला ती करू दिली.

गेम उघडली तेव्हा नवी मॉडेल्स दिसली, म्हणून मला काही काळ वाटले की सगळे ठीक आहे. हेल्मेट घातल्यावर केस मात्र पूर्वीसारखेच बाहेर आले. तक्रार केल्यावर तो म्हणाला की पूर्ण आवृत्ती उघडण्यासाठी माझ्या संगणकाशी जोडलेली किल्ली लागेल, तिचे १२ डॉलर. मी तेही दिले. हे कसे दिले, असे मला अनेकांनी विचारले आहे. ४० डॉलर आधीच गेलेले असताना १२ डॉलरसाठी सगळे सोडून देणे मला तेव्हा मूर्खपणाचे वाटले. पहिल्या तक्रारीनंतर नवी रक्कम मागितली गेली, तर आधीची रक्कम बुडाली असे समजा आणि थांबा.

नंतर मी इन्स्टॉलरने फोल्डरमध्ये टाकलेली एमपीक्यू एडिटरमध्ये उघडून पाहिली. तो माझ्याकडे आधीपासून असलेलाच फुकट पॅक होता, फक्त आतील फाइल्सच्या नावांची यादी काढून टाकलेली होती. ३.८ जीबीमधला बहुतेक भाग इन्स्टॉलरमध्ये भरलेले निव्वळ शून्य होते. फाइल एवढी फुगवण्यामागे कारण असते: ऑनलाइन तपासणीच्या सेवा एवढी मोठी फाइल घेत नाहीत, आणि पासवर्ड असलेल्या संचात अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. कॅरेक्टर मॉडेल्सच्या पॅकचा आकार विनाकारण मोठा दिसला तर तो गुणवत्तेचा पुरावा मानू नका.

सोमवारी सकाळी माझ्या ईमेलचा पासवर्ड बदललेला होता. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (लॉगिन झाल्याची खूण ठेवणाऱ्या नोंदी) इन्स्टॉलरने उचलल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यातील कोडची व्यवस्था असूनही तिचा उपयोग झाला नाही; कुकी हाती असली की कोड विचारलाच जात नाही. माझ्या कार्डावर गिफ्ट कार्डांची तीन खरेदी झाली होती: ४९.९९, ४९.९९ आणि १९.९९ डॉलर. गेममधील पात्राच्या अंगावर काहीही शिल्लक ठेवलेले नव्हते. तुमच्यावर ही वेळ आली तर त्याच संगणकावरून पासवर्ड बदलू नका, मी तासभर तेच करत बसलो आणि नवे पासवर्डही त्याच्याकडे गेले. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून सर्व ठिकाणची लॉगिन सत्रे आधी बंद करा, आणि संगणकावर विंडोज नव्याने बसवा.

आता ज्यांच्याकडे मी दाद मागितली त्यांच्याविषयी, आणि इथे माझा राग मी लपवणार नाही. पैसे पाठवण्याच्या सेवेने नऊ दिवसांनी कळवले की व्यवहार वैयक्तिक स्वरूपाचा होता, म्हणून विचार करता येणार नाही. त्या खात्याविरुद्ध इतर तक्रारी आहेत का, एवढे तरी सांगा, असे मी लिहिले. उत्तर म्हणून तोच मजकूर पुन्हा आला. बँकेने १९.९९ डॉलर परत केले, कारण ती खरेदी अजून पूर्ण झालेली नव्हती. उरलेल्या दोन "ओळखीच्या उपकरणावरून" झाल्या असल्याने त्या मीच केल्या असे त्यांनी धरून चालले. ते उपकरण ओळखीचे का दिसले हे मी चार पानांच्या पत्रात समजावले. ते पत्र कोणी वाचल्याचे कोणतेही चिन्ह उत्तरात नव्हते.

गप्पांच्या सेवेला मी त्याच्या गटाची माहिती कळवली. त्यांनी मला संभाषणाचे दुवे मागितले. पण त्याने मला गटातून काढून टाकले होते आणि आपले संदेश पुसले होते, त्यामुळे दुवे देणे शक्य नव्हते, आणि दुव्यांशिवाय तक्रार पुढे जात नव्हती. व्यवहार सुरू असतानाच प्रत्येक संदेशाचे चित्र काढून ठेवा. मी अर्धेच काढले होते. फाइल ठेवणाऱ्या सेवेने दुवा सहा दिवसांनी काढला. त्या सहा दिवसांत तो किती जणांनी उघडला असेल, याचा विचार त्यांनी केला असेल असे मला वाटत नाही.

पोलिसांच्या सायबर शाखेत मला सर्वांत जास्त मानहानी सोसावी लागली. अर्जात वस्तूचे स्वरूप लिहायचे होते. मी "संगणकीय खेळातील पात्रांची मॉडेल्स" असे लिहिले, ते वाचून समोरच्या अधिकाऱ्याने शेजारच्याला कागद दाखवला आणि दोघे हसले. मग मला विचारण्यात आले की यात नेमके काय विकत घेतले, ते हातात धरता येते का, आणि या वयात हे कशासाठी. मी सांगत राहिलो की प्रश्न खेळाचा नाही, माझ्या संगणकात चोरी करणारा प्रोग्राम घातला गेला आणि कार्डावरून पैसे काढले गेले. रक्कम लहान आहे, माणूस कुठला आहे ते माहीत नाही, असे सांगून त्यांनी अर्ज ठेवून घेतला. मी इन्स्टॉलरची प्रत एका पेन ड्राइव्हवर नेली होती. ती घ्यायला कोणी तयार झाले नाही, कारण "त्यात व्हायरस असेल". अर्थातच होता, तोच तर पुरावा होता. मी दोनदा पुन्हा गेलो, दोन्ही वेळा अर्ज शोधण्यातच वेळ गेला.

गेम बनवणाऱ्या कंपनीकडे मी गेलोच नाही. क्लायंटमध्ये फेरफार करायला तिच्या वापरकर्ता करारात मनाई आहे, आणि मी तो केला होता. ठकसेनांना हे पक्के ठाऊक असते. ज्याला तक्रार करताना स्वतःविषयीही काही कबूल करावे लागते, असेच गिऱ्हाईक त्यांना हवे असते.

माझा अर्ज अजून विचाराधीन आहे. मागच्या आठवड्यात तोच व्हिडिओ मला नव्या नावाखाली दिसला. आगाऊ रक्कम आता २० डॉलर आहे. व्हिडिओत तोच ऑर्क न्हाव्याच्या खुर्चीत वाकून बसतो आणि पाठ सरळ करून उठतो. त्याखाली एकाने विचारले होते की पाठ सरळ कशी झाली. मी त्याला उत्तर लिहिले, ते दहा मिनिटांत पुसले गेले, म्हणून त्याला थेट संदेश पाठवला आहे. त्याने तो अजून उघडलेला नाही.