कानात रेफरी : ट्विकनहॅमवर मिळणाऱ्या छोट्या रेडिओची पारख

लंडनमधल्या ट्विकनहॅमच्या मैदानाला २०२४ पासून एका विमा कंपनीचे नाव लागले असले, तरी तिथे येणारे बहुतेक रग्बीप्रेमी अजून ट्विकनहॅमच म्हणतात आणि मीही इथे तेच म्हणणार आहे. इंग्लंडच्या आंतरराष्ट्रीय सामन्याच्या दिवशी तिथे शिरताना सामन्याची पुस्तिका आणि स्कार्फ यांच्या जोडीला एक छोटा रेडिओ विकायला असतो. तळहातात मावणारी प्लास्टिकची डबी, तिला जोडलेला इअरफोन आणि आवाज कमी-जास्त करण्याची सोय, एवढाच त्याचा पसारा. किंमत दहा पौंडांच्या आसपास. सामना चालू असताना रेफरीच्या अंगावरचा माइक जे टिपतो ते त्यावर ऐकू येते : खेळाडूंना दिलेल्या सूचना, सहायक रेफरींशी झालेली देवाणघेवाण आणि चित्रफीत तपासत बसलेल्या टीएमओशी चाललेली चर्चा. गेल्या काही हंगामांत मी हा रेडिओ बऱ्यापैकी वापरला आहे. रग्बीच्या चाहत्यांचे बोलणे ज्या विषयांभोवती फिरते, म्हणजे संघात कोणाला घेतले, रेफरीने काय केले आणि पुढचा सामना कोणाचा, त्यांपैकी रेफरीच्या विषयावर ही डबी नेमका कोणता परिणाम करते हे सांगण्यासाठी ही पारख लिहीत आहे.

क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला स्टम्प माइकची सवय आहे, पण रग्बीतले रेफरीचे बोलणे त्याहून वेगळ्या जातीचे असते. क्रिकेटचा पंच बहुधा अपील झाल्यावर निर्णय देतो. रग्बीचा रेफरी ऐंशी मिनिटे जवळजवळ अखंड बोलत असतो आणि त्यातले बरेचसे बोलणे गुन्हा घडण्यापूर्वीचे असते. रकमध्ये (पाडलेल्या खेळाडूच्या चेंडूवर दोन्ही संघ भिडतात त्या पुंजक्यात) अडकलेल्या खेळाडूला बाजूला लोळायला सांगणे, चेंडूवरचा हात काढायला लावणे, बचावफळीला एक पाऊल मागे घेणे, चेंडू खेळण्याजोगा झाला की आता तो वापरा म्हणून बजावणे, असा हा संवाद असतो. तो ज्याने ऐकला नाही त्याला पेनल्टी आकाशातून पडल्यासारखी वाटते. ज्याने ऐकला त्याला ठाऊक असते की याच सात नंबरच्या खेळाडूला दोनदा समज देऊन झाली होती आणि तिसऱ्यांदा शिट्टी वाजली.

रेडिओची खरी कमाई स्क्रममध्ये, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करताना दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना रेटतात तेव्हा, होते. प्रेक्षागृहाच्या वरच्या मजल्यावरून पाहणाऱ्याला सोळा माणसे एकमेकांना भिडलेली आणि मग कोसळलेली दिसतात, रेफरीचा हात एका बाजूला वर जातो आणि ऐंशी हजारांपैकी निम्मे लोक ओरडतात, निम्मे टाळ्या वाजवतात. या दोन्ही निम्म्यांना नेमके काय घडले ते बहुधा कळलेले नसते. कानात इअरफोन असेल तर लूजहेड प्रॉपचे (पुढच्या फळीतल्या डावीकडच्या खेळाडूचे) कोपर जमिनीकडे झुकले होते, की टाइटहेड (उजवीकडचा) सरळ ढकलण्याऐवजी कोन करून आत शिरला, की चेंडू आत येण्याआधीच कोणी रेटा दिला, हे कारण निदान ऐकू तरी येते. त्याहून मोलाचे म्हणजे पुढच्या स्क्रमआधी दोन्ही पुढच्या फळ्यांना रेफरी काय बजावतो ते ऐकायला मिळते, आणि ‘क्राउच, बाइंड, सेट’ या तीन हाकांमधले अंतर तो मुद्दाम लांबवत आहे की काय, याचाही अंदाज येऊ लागतो. मी मोजलेल्या दहा पौंडांपैकी सात तरी स्क्रमच्या खात्यावर मांडायला माझी हरकत नाही.

रेफरीचा माइक किती करमणूक करू शकतो याचा उत्तम नमुना याच मैदानावर २६ फेब्रुवारी २०१७ रोजी घडला. इटलीचे प्रशिक्षक कॉनर ओशे यांनी नियमातली एक फट हेरली होती : टॅकलनंतर (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडल्यावर) इटलीचे खेळाडू चेंडूवर लढायला गेलेच नाहीत, म्हणजे रक तयार झाला नाही, आणि रक नाही तर ऑफसाइडची रेषाही नाही. इटलीचे खेळाडू बिनदिक्कत इंग्लंडच्या स्क्रमहाफच्या (चेंडू उचलून पास देणाऱ्या नऊ नंबरच्या) बाजूला जाऊन उभे राहिले. गोंधळलेल्या इंग्लंडच्या जेम्स हॅस्केलने आता आम्ही काय करायचे, असे फ्रेंच रेफरी रोमँ प्वात यांना विचारले आणि आपण रेफरी आहोत, प्रशिक्षक नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. हे संभाषण माइकमुळे जगभर गेले. मैदानात रेडिओशिवाय बसलेल्यांना मात्र आपला संघ एवढा बावचळला कशाने, याचा बराच वेळ पत्ता लागला नसावा. इंग्लंडने तो सामना ३६-१५ असा जिंकला, प्रशिक्षक एडी जोन्स यांनी नंतर भरपूर आदळआपट केली आणि त्याच वर्षी रकच्या नियमात बदल होऊन ती फट बुजवली गेली.

आता या वस्तूची खरी उणीव सांगतो, आणि तिच्यात विकणाऱ्याचा दोष थोडाच आहे. डोक्याला लागलेल्या टॅकलचा निर्णय रेफरी जेव्हा मैदानातच घ्यायचा, तेव्हा रेडिओ सोन्याच्या मोलाचा होता. डोक्याशी संपर्क झाला का, त्यात टॅकल करणाऱ्याची चूक होती का, धोका किती होता, सौम्य करणारे काही कारण होते का, या पायऱ्या रेफरी आणि टीएमओ एकेक करून मोठ्याने चढत आणि शेवटी कार्डाचा रंग ठरे. निर्णय पटो वा न पटो, त्याचा रस्ता ऐकू येई. २०२३ पासून बंकरची पद्धत आली. आता रेफरी पिवळे कार्ड दाखवतो, दोन्ही हात फुलीसारखे धरतो, खेळाडू बाहेर जाऊन बसतो आणि मैदानापासून दूर असलेला अधिकारी आठ मिनिटांपर्यंत चित्रे पाहून ते पिवळेच ठेवायचे की लाल करायचे ते ठरवतो. खेळ खोळंबत नाही हा त्याचा लाभ निर्विवाद आहे. पण सामन्यातला सर्वांत मोठा निर्णय जिथे होतो त्या खोलीचा आवाज या रेडिओवर येत नाही. येतो तो केवळ निकाल, एका वाक्यात.

बंकरच्या मौनाची किंमत काय असते हे १२ ऑगस्ट २०२३ रोजी याच ट्विकनहॅमवर दिसले. वेल्सविरुद्ध इंग्लंडच्या ओवेन फॅरेलला टेन बॅशमवरच्या टॅकलसाठी मिळालेले पिवळे कार्ड बंकरने लाल केले. काही दिवसांनी शिस्तपालन समितीने ते लाल कार्डच रद्द केले. मग जागतिक संघटनेने अपील केले आणि अखेरीस त्याला चार सामन्यांची बंदी झाली. एकाच टॅकलबद्दलचा निर्णय तीनदा फिरला, आणि मैदानात दहा पौंड मोजून बसलेल्याला त्यांपैकी एकाचाही युक्तिवाद ऐकायला मिळाला नाही. त्यानंतर वीस मिनिटांच्या लाल कार्डाचा नियमही आला, ज्यात खेळाडू परत येत नाही पण वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा उतरू शकतो. त्यामुळे मधल्या काळात रेफरीच्या माइकवरून जे तुटक बोलणे येते ते नव्या प्रेक्षकाला अधिकच गोंधळात टाकते.

असे रेडिओ सर्वांच्या हाती दिले तर चाहत्यांचा राग निवळेल, अशी एक भाबडी समजूत अधूनमधून ऐकू येते आणि ती मला मुळीच मान्य नाही. पॅरिसमधल्या २८ ऑक्टोबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १२-११ असे हरवले. त्या सामन्यात न्यूझीलंडच्या सॅम केनचे पिवळे कार्ड बंकरने लाल केले, आणि त्याच संघाच्या ॲरन स्मिथचा ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे) दोनपेक्षा अधिक फेज (टॅकल ते टॅकल एवढा खेळ) आधीच्या, लाइनआउटमधल्या (बाजूरेषेवरून चेंडू आत फेकतानाच्या) नॉक-ऑनसाठी (चेंडू हातातून पुढे सांडण्यासाठी) रद्द झाला, जरी नियमावलीनुसार टीएमओला तशा चुकीसाठी तितके मागे जाण्याची मुभा नव्हती. रेफरी वेन बार्न्स यांचा माइक टीव्हीवर साऱ्या जगाला ऐकू येत होता. तरीही बार्न्स आणि टीएमओ टॉम फोली यांना व त्यांच्या कुटुंबीयांना शिवीगाळ आणि धमक्या सोसाव्या लागल्या. बार्न्स १११ कसोटींच्या विक्रमानंतर त्या सामन्याअखेर निवृत्त झाले आणि फोली यांनीही आंतरराष्ट्रीय काम थांबवले. कारण ऐकू आले म्हणून माणसे शांत होत नाहीत. रेडिओने एवढेच होते की ज्याला भांडायचे आहे त्याचे भांडण नेमके होते : रेफरी आंधळा आहे, असे न म्हणता त्याने हे पाहिले पण त्याचे वजन चुकीचे लावले, असे तो म्हणू लागतो. (आंधळेपणाचा आरोप रेफरी बेन ओकीफ यांच्यावर तर फारच विनोदी ठरतो, कारण शिक्षणाने ते नेत्रवैद्य आहेत. याचा ते रेफरी असलेल्या २०२३ च्या उपांत्यपूर्व सामन्यात २८-२९ असे हरलेल्या फ्रेंच चाहत्यांवर मात्र काडीचा परिणाम झाला नव्हता.)

संघनिवडीच्या वादात हा रेडिओ उपयोगी पडेल असे मला आधी वाटले नव्हते. एका बाबतीत तो पडतो. फ्लायहाफ, म्हणजे खेळाची दिशा ठरवणारा दहा नंबर, म्हणून जॉर्ज फोर्ड, फिन स्मिथ की मार्कस स्मिथ, हा इंग्लंडचा न संपणारा वाद पायांवर आणि पासवर ठरतो, कानावर नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सविरुद्ध फिन स्मिथला दहा नंबर आणि मार्कसला फुलबॅक (सर्वांत मागचा खेळाडू) करून इंग्लंड २६-२५ असे जिंकले तेव्हा, आणि त्या नोव्हेंबरात न्यूझीलंडविरुद्धच्या ३३-१९ अशा विजयात फोर्डने मध्यंतराआधी दोन ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेले गोल) मारले तेव्हाही, रेडिओला त्यात भर घालण्याजोगे काही नव्हते. कर्णधाराची गोष्ट वेगळी. रेफरीशी निर्णयाबद्दल बोलण्याचा अधिकार कर्णधाराचा असतो, आणि तो अधिकार कसा वापरायचा हे एक स्वतंत्र कसब आहे : केव्हा विचारायचे, किती थोडक्यात विचारायचे आणि उत्तर न पटल्यावरही तोंडावर काय ठेवायचे. जेमी जॉर्जच्या जागी २०२५ मध्ये मारो इटोजेला कर्णधार केले तेव्हा तो रेफरीच्या नजरेत फार येणारा खेळाडू आहे, हा आक्षेप अनेकांनी घेतला होता. त्याचे उत्तर आकडेवारीत सापडत नाही; ते माइकवर ऐकू येणाऱ्या स्वरात सापडते, आणि माझ्या कानांनी तरी त्या आक्षेपाला पुष्टी दिलेली नाही.

वापराबद्दल थोडे. दोन्ही कान बंद करणे ही चूक आहे, कारण मग मैदानातला गजर, शेजारच्यांची टोमणेबाजी आणि न्यूझीलंडचा संघ समोर असेल तर ‘हाका’ हे त्यांचे सामन्याआधीचे युद्धनृत्यसुद्धा फिके पडते. एकाच कानात इअरफोन ठेवून दुसरा मोकळा सोडावा. त्यात अडचण अशी की प्रेक्षक गाऊ लागले की रेफरीचा आवाज पूर्ण बुडतो, आणि गाणे नेमके स्क्रमच्याच वेळी सुरू होते. सोबत मिळणारा इअरफोन सुमार आहे. तो कानात टिकत नाही. घरचा वायरवाला इअरफोन बसत असेल तर तोच न्यावा. पावसात डबी कोटाच्या आतच राहू द्यावी. एका संचात दोघांनी एकेक कान वाटून घेण्याचा प्रयोग स्वस्त वाटला तरी शेजारी उठून उभा राहिला की वायर तुटायची वेळ येते, म्हणून तो करू नये.

घरी टीव्हीवर पाहणाऱ्याला रेफरीचा आवाज समालोचनाच्या जोडीला फुकटच मिळतो. शंभराहून अधिक पौंडांचे तिकीट काढून आलेल्याला त्याच गोष्टीसाठी वेगळे पैसे का पडावेत, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही. अलीकडे काही स्पर्धांत रेफरी मोठे निर्णय मैदानाच्या ध्वनिक्षेपकावरून स्वतः सांगतात आणि ती चांगली सुधारणा आहे, पण तीही फक्त निकालापुरती. निकालाआधीची कुजबुज, दम आणि समज यांसाठी अजून या डबीला पर्याय नाही.

पहिल्यांदाच रग्बी पाहायला येणाऱ्या मित्राला मी हा रेडिओ घेऊ नको असेच सांगेन, कारण नियमांची बाराखडी येण्याआधी रेफरीची बोली ऐकली की डोके भणभणते. दहा-बारा सामने पाहून झालेल्याने जरूर घ्यावा, आणि घेताना समोरचा संघ पाहून घ्यावा. धावता, मोकळा खेळ करणाऱ्या फिजीविरुद्ध तो बहुतेक वेळ खिशात राहिला तरी बिघडत नाही. दक्षिण आफ्रिकेसारखा स्क्रमवर जगणारा संघ असेल तर मात्र त्याच्याशिवाय बसणे म्हणजे अर्धा सामना न पाहणे होय. नव्या नेशन्स चॅम्पियनशिपचा अंतिम टप्पा नोव्हेंबर २०२६ च्या अखेरीस ट्विकनहॅमवरच ठरला आहे : तीन दिवस, सहा सामने, उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतले बारा संघ. एकाच जागी बसून वेगवेगळ्या रेफरींचे स्क्रमबद्दलचे धोरण लागोपाठ ऐकण्याची अशी संधी सहसा मिळत नाही, आणि त्या आठवड्यासाठी मी माझ्या जुन्याच संचात नवी बॅटरी घालणार आहे. नवा विकत घेण्याइतका बदल त्यात झालेला मला दिसलेला नाही.