सुपरचार्जर म्हणून पंखा विकतायत, गाडीवाल्यांनो सांभाळून

‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर, घरच्या घरी अर्ध्या तासात बसवा, पॉवर ३० टक्के जास्त’ अशी जाहिरात दिसली तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. सुपरचार्जर म्हणजे ताकद वाढवायला इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र. माझे आधी १८,५०० गेले, वरून अजून ४,५०० गेले, आणि ज्यानं घेतले तो आजही तेच किट विकतोय, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

गाडी माझी स्विफ्ट पेट्रोल, ११९७ सीसी. पुणे हायवेला चार माणसं बसलेली, एसी चालू आणि पुढं ट्रक, अशा वेळी ओव्हरटेक करताना गाडी दमते, तेवढ्यासाठी काहीतरी करायचं होतं. विक्रेता दिल्लीकडचा. फोनवर एकदम जाणकार माणूस वाटायचा, बूस्ट (म्हणजे हवेचा जादा दाब) किती, पाईप किती इंची, सगळं पाठ. ऑडीच्या एसक्यू७ ला पण इलेक्ट्रिकच आहे म्हणाला, आणि ते खरं आहे, २०१६ ला ती आली तेव्हा तिच्यात इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर होता. फक्त तो ४८ व्होल्टवर चालतो आणि ७ किलोवॅट खातो, हे त्यानं सांगितलं नाही. आणि एक गोष्ट तो सारखी सांगायचा, “साहेब, मेस्त्रीकडं नेऊच नका, उगाच लेबर लावतील, तुम्ही स्वतः बसवा.” असं का सांगत होता ते पुढं येतंच.

बॉक्समधून निघालं काय, तर काळ्या प्लास्टिकच्या गोल डब्यात १२ व्होल्टचा पंखा, वायरी, एक रिले, दोन क्लॅम्प आणि एक भारी स्टिकर. जुळे सोलापुरात घराच्या पार्किंगमध्येच मी आणि मावसभावानं त्याच्या व्हिडिओप्रमाणं एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्या मधला पाईप कापून तो पंखा बसवला. चावी फिरवली की घूंऽऽ असा आवाज यायचा, आणि त्या आवाजानंच गाडी पळतीय असं वाटायचं. होटगी रोडला नेली तर पिकअप तोच, उलट वरच्या आरपीएमला जरा अडखळायलीच.

विक्रेता म्हणाला ट्यूनिंग चिप लागंल, ती ओबीडी सॉकेटला (गाडी तपासायचं मशीन जोडतात तिथं) लावा, ४,५०० पाठवा. तीही आली. आमच्या ओळखीच्या मेस्त्रींनी ती उघडून दाखवली, आत लुकलुकणारे दिवे आणि एक छोटा सर्किट बोर्ड, गाडीच्या ईसीयूशी, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरशी, बोलायचं काहीच नाही. मग त्यांनी स्कॅनर लावला आणि पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून इनटेकचं प्रेशर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, बघितला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, म्हणजे इथली बाहेरची हवाच ९५-९६ किलोपास्कल. ५ पीएसआय (साधारण ३५ किलोपास्कल) बूस्ट खरंच मिळत असता तर आकडा १३० च्या आसपास जायला पाहिजे. पंखा बंद ठेवून ९५, चालू करून पण ९५. हा स्कॅनर ओबीडीचा साधा मिळतो, मोबाईलला जोडता येतो, त्यामुळं कुणी दावा केला तर हाच आकडा दाखव म्हणा.

कारण सोपं आहे हो. १२०० सीसीचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३६०० लिटर हवा ओढतं. त्याच्यावर अजून हवा दाबून भरायची तर चार-पाच किलोवॅट तरी लागतात. म्हणून खरा सुपरचार्जर सहसा क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवरून बेल्टनं फिरतो, ताकद इंजिनाचीच घेतो. १२ व्होल्टवर तेवढी ताकद काढायची म्हटलं तर साडेतीनशे-चारशे अँपिअर लागतील, आणि आपल्या छोट्या गाड्यांचा अल्टरनेटर शंभरच्या पण खालचा. या किटची मोटर घेते पाच अँपिअर, म्हणजे साठ वॅट, घरातल्या सीलिंग फॅनएवढी ताकद. इंजिन जोरात ओढायला लागलं की हा पंखा मदत करायचं सोडून हवेच्या वाटेतच उभा राहतो. पातं तुटून थ्रॉटलमध्ये गेलं तर खर्च वेगळाच.

आता ते ‘स्वतः बसवा’. पैसे परत मागितले तर उत्तर तयारच, “तुम्ही मेस्त्रीकडून बसवला नाही, फिटिंग चुकलंय, वॉरंटी संपली. पाईप कापलाय, वापरलेला माल परत होत नाही.” ज्यानं मेस्त्रीकडं जाऊ नका म्हणून सांगितलं तोच हे बोलतोय! माझ्याकडं व्हॉट्सअॅपवर त्याचा तो आधीचा मेसेज आहे, म्हणून पुरावा तरी आहे. फोनवर काहीही बोलूदे, त्याच्याकडून लिहून घ्या. ‘आरटीओचं काही लागत नाही’ हेही तो म्हणाला होता, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेरचे बदल चालत नाहीत, खरा सुपरचार्जर बसवला तर तो प्रश्न येणारच.

मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. विक्रेता दिल्लीचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथं तक्रार करता येते, ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. सल्ला हवा तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन करा. पैसे पाठवून माल आलाच नाही, नंबर बंद, असं झालं असंल तर थांबू नका, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, लवकर कळवलं तर पैसे पुढं जायच्या आत अडवता येतात.

सोलापूर, बार्शी, पंढरपूर कुठंही कुणी असलंच किट घेतलं असंल तर फेकून देऊ नका. बॉक्स, कुरिअरची चिठ्ठी, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि बसवायच्या आधीचा व्हिडिओ असंल तर तो जपून ठेवा. एकाच विक्रेत्याकडून बरेच जण फसले असतील तर आयोगाच्या परवानगीनं सगळ्यांच्या वतीनं एकच तक्रार चालवता येते, आणि मला ती करायचीच आहे.