फिश फाइंडर घेताय? आधी होडीचा तळ बघा

१ जूनला पावसाळी मासेमारीची बंदी लागते, होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि हर्णैपासून मालवणपर्यंत एक चौकशी हमखास सुरू होते : यंदा फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासा पडद्यावर दाखवणारं यंत्र, बसवायचाय, किती इंची घेऊ? मला विचाराल तर पडदा पाच इंची की सात, हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. होडी लाकडी आहे की फायबरची, इंजिन आतलं आहे की मागे टांगलेलं आणि तुम्ही जाळं टाकता किती वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्यात, हे आधी सांगा. एवढ्यावरच दुकानातली निम्मी यंत्रं यादीतून गळतात.

खरं काम पडदा करतच नाही, ते पाण्यातला ट्रान्सड्यूसर करतो. तो खाली आवाज सोडतो आणि परत आलेला आवाज ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, त्यामुळे २० मीटरवरच्या तळापर्यंत जाऊन यायला त्याला सेकंदाचा तिसावा भागही लागत नाही. पण पाणी संपून हवा लागली की हा आवाज पुढे जात नाही, मागे उलटतो. ज्या बोतामुळे घोळ माशाला एवढा भाव येतो, ती हवेने भरलेली पिशवीच माशाला पडद्यावर ठळक दाखवते. मुशी, वागळी, माकुल यांच्यात अशी पिशवी नसते, म्हणून ती खाली असूनही फिकी उमटतात. माशाच्या पोटातली हवा आपल्या फायद्याची, तर ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखाली आलेला बुडबुडा तेवढाच घातक. बसवण्याच्या पद्धतींची तुलना करायची ती याच एका कसोटीवर : कुठे बसवला तर तोंडाखाली बुडबुडे येणार नाहीत?

मागे आउटबोर्ड टांगलेली फायबरची होडी असेल तर बहुतेक जण मागच्या फळीवर, बाहेरून बसवतात. स्वस्त पडतं, तळाला भोक पडत नाही आणि बिघडलं तर वाळूवर बसून काढता येतं. पण जागा चुकली तर सगळं वाया. माझ्या पहिल्या होडीवर बसवून देणाऱ्याने तो पंख्याला अगदी लागून ठेवला होता. बंदरात उभं असताना तळाची रेघ सुरेख दिसायची आणि वेग घेतला की पडद्यावर नुसता पाऊस. दोन महिने मी यंत्रालाच दोष देत होतो. शेवटी तो पंख्यापासून हातभर लांब सरकवला, होडीच्या तळापेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली घेतला आणि त्याच दिवशी रेघ जुळली. पंखा मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर ट्रान्सड्यूसर उजव्या बाजूला घ्यावा, कारण त्या बाजूला पंख्याची पाती खाली जातात आणि फेस कमी येतो. त्याच्या पुढच्या रेषेत तळाला पट्टी, खिळा किंवा पाण्याचं भोक नको, नाहीतर तिथून निघालेली बुडबुड्यांची माळ थेट त्याच्या तोंडाखालून जाते. आणि जागा सापडेपर्यंत फळीला चार-चार भोकं पाडू नका. भाजी चिरायला वापरतो तसल्या जाड प्लॅस्टिकचा एक तुकडा आधी फळीवर पक्का करा आणि ट्रान्सड्यूसर त्या तुकड्यावर स्क्रूने बसवा. मग कितीही वेळा हलवला तरी फळी शाबूत राहते. ही अक्कल मला चार भोकं बुजवल्यावर आली.

दुसरी पद्धत फायबरवाल्यांनाच लागू पडते : ट्रान्सड्यूसर होडीच्या आत, तळाला आतून चिकटवायचा. आवाज फायबरमधून पार होतो. भोक नाही, शेवाळ नाही, शिंपले धरत नाहीत, वाळूवर ओढताना तुटण्याची भीती नाही. हर्णैसारख्या ठिकाणी, जिथे होडी सारखी वाळूवर येते, तिथे मला हीच पद्धत सगळ्यात शहाणपणाची वाटते. पण तळाचं फायबर सलग भरीव हवं. मधे फोम किंवा लाकूड भरलेलं असेल तर आवाज तिथेच मरतो. भरीव फायबरमध्येही थोडी ताकद कमी होतेच आणि पाण्याचं तापमान मिळत नाही, यंत्र होडीच्या तळाचं तापमान दाखवतं. चिकटवण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या : प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरा, ट्रान्सड्यूसर त्यात बुडवा, तळ आतून ओला करून पिशवी त्यावर दाबून धरा आणि होडी चालवून बघा. रेघ स्पष्ट आली तरच इपॉक्सी मळायला घ्या, आणि मळताना त्यात बुडबुडा राहू देऊ नका.

लाकडी नावेला, आतल्या इंजिनाच्या ट्रॉलरला, हे दोन्ही मार्ग नीट लागू पडत नाहीत. लाकडातून आवाज धड जात नाही आणि मोठ्या पंख्याच्या मागे तर सगळा फेसच असतो. तिथे तळाला भोक पाडून आरपार बसवायला लागतो. खर्च मोठा, जोखीम मोठी, पण चित्र सगळ्यात चांगलं येतं. जागा पंख्याच्या बरीच पुढे आणि पठाणाच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, बाजूला हवी, मात्र इतकी पुढे नको की लाटेवर नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, उचलली की तोंड उघडं पडेल. तळाची फळी तिरकी असते, म्हणून लाकडाचा तासलेला ठोकळा मधे घालून तोंड सरळ खाली वळवायचं. लाकडी नावेला खोळ काशाची घ्यावी, प्लॅस्टिकची नको. लाकूड पाण्यात फुगतं आणि प्लॅस्टिकची खोळ त्यात चिरडते. पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या नावेला मात्र कासं लावू नये, तळ गंजतो. आणि हे काम सुताराकडूनच करून घ्या. पडदा विकणाऱ्या दुकानातला मुलगा कितीही हुशार असला तरी तळाला भोक पाडणं हा त्याचा धंदा नाही.

आता लहरीचा, म्हणजे आवाजाच्या कंपनसंख्येचा, निर्णय. यंत्रावर ५० आणि २०० किलोहर्ट्झ असे दोन आकडे दिसतात. २०० ची झोत अरुंद आणि बारकावा जास्त, ५० ची रुंद आणि खोलवर जाणारी. २० अंशांची झोत २० मीटरवर सुमारे सात मीटर रुंद असते, ४५ अंशांची सोळा-सतरा मीटर. लहान होडीवाले १०, २०, फार तर ४० मीटरांत काम करतात. त्यांना २०० पुरून उरतो. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँकेचा माथा विसेक मीटरवर आहे आणि कडेला तळ एकदम खोल जातो, तिकडे जाणाऱ्या मोठ्या नावांना ५० हवाच. चर्प नावाच्या प्रकारात एका लहरीऐवजी लहरींचा पट्टा सोडतात, त्यामुळे तळाला चिकटलेला मासा तळापासून सुटा दिसतो. पैसे जास्त घालायचेच असतील तर मोठ्या पडद्यात घालण्यापेक्षा यात घाला. फोटोसारखं चित्र दाखवणारी स्कॅनची यंत्रं खडपावर (पाण्याखालच्या खडकावर) गरीने मासेमारी करणाऱ्याला उपयोगी, जाळेवाल्याला तितकी नाहीत. आणि डोल लावणाऱ्याने मुळात घ्यावा का? जाळं एका जागी, मासा प्रवाहाबरोबर येणार. मला तरी त्यात खर्च निघताना दिसत नाही.

वायरिंगचं थोडक्यात : १२ व्होल्टच्या बॅटरीवरून सरळ वेगळी जोडणी आणि बॅटरीजवळ फ्यूज. ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनाच्या वायरींबरोबर बांधू नका आणि लांब पडली म्हणून कापू नका, गुंडाळून ठेवा. ट्रान्सड्यूसरच्या तोंडाला रंग लावायचा तर वॉटर-बेस, सॉल्व्हंटवाला नको.

शिकण्याचं मात्र घाईने होत नाही. पहिल्याच दिवशी माशाची चित्रं दाखवणारी सोय बंद करा. यंत्र बुडबुड्यालाही मासा म्हणतं, जेलीफिशलाही. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता, बाकी सगळं मागे गेलेलं. म्हणून खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा ओलांडताना यंत्रावर विसंबू नका, नाळेपुढे काय आहे ते त्याला कळत नाही. मासा झोतीतून पार गेला की कमान उमटते, होडी उभी असेल तर तोच मासा लांबलचक रेघ होतो. रेघ लांब म्हणजे मासा मोठा, असं नाही. चिखलाचा तळ मऊ, जाडसर आणि फिका दिसतो. खडप लखलखीत दिसतं आणि दुप्पट खोलीवर त्याची दुसरी सावली उमटते : १० मीटरवर खडप, तर २० वर पुन्हा. ती बघायला रेंज दुपटीहून थोडी जास्त ठेवावी लागते. आणि अगदी वरच्या पाण्यातला थवा या यंत्राला फारसा सापडत नाही, तीन मीटरवर झोत जेमतेम मीटरभर रुंद. तिथे तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, नजर आणि पक्ष्यांची झडपच खरी.

हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राकडून मासे मिळण्याच्या संभाव्य पट्ट्यांची सूचना मराठीतही येते. ती उपग्रहावरून कुठल्या भागात जायचं ते सांगते, फिश फाइंडर पायाखालचं सांगतो. दोघांची बरोबरी लावू नका. शेजारच्या होडीवर तीच लहर चालू असेल तर पडद्यावर तिरप्या रेघा येतात, ते यंत्र बिघडलेलं नसतं.

सेटिंगमध्ये मीटर आणि फुटांबरोबर फॅदमही असतो. तोच लावा. फॅदम म्हणजे सहा फूट, म्हणजे आपली वाव, आणि म्हाताऱ्या तांडेलाशी बोलताना आकडे जुळतात. होडी पाण्यात उतरली की भांगाच्या दिवशी, पाणी कमी ओढत असताना, तुमच्या ओळखीच्या खडपावर जा. दोरीला शिसं बांधून खोली मोजा, पडद्यावरचा आकडा बघा. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली जितका आहे तितकाच फरक यायला हवा, तो सेटिंगमध्ये घाला. मग चिखलावर जाऊन तसंच करा, मग रेवेवर. आणि लाकडी नावेत आरपार बसवला असेल तर त्या पहिल्या दिवशी दर तासाला फळी उचलून ठोकळ्याभोवती हात फिरवा. ओल लागली तर नट लगेच आवळू नका, लाकूड अजून फुगतंय. रात्रभर थांबा, सकाळी पुन्हा बघा.